जड पाण्याचं धुणं

पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनबरोबर जी पुस्तिका येते, ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक घर असतं. त्या घरात नळ सोडला की पाणी येतं, तेही दाबानं. पाणी गोडं असतं. वीज मधेच जात नाही. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं, आणि या दोन्ही गावांत मला तसं घर अजून भेटलेलं नाही. तरी ही मशीन इथे आली, रुळली आणि बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालतात. ती चालतात ती छापील पुस्तिकेपेक्षा इथल्या बायकांनी आणि दुरुस्तीला येणाऱ्या पोरांनी जमवलेल्या तोंडी शहाणपणावर. हे शहाणपण एका घरातून दुसऱ्या घरात जातं, पण कागदावर फारसं येत नाही. ते यावं असं मला मनापासून वाटतं.

मशीन पुढूनच का उघडायचं, हे मला आधी कळत नव्हतं. आतली रचना पाहिली की कळतं. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये टाकी उभी असते, त्यामुळे कपडे बुडेपर्यंत पाणी भरावंच लागतं. पुढून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम आडवा. त्यात पाणी तळाशीच असतं. ड्रमच्या आत जे उंचवटे असतात ते कपडे उचलून वर नेतात आणि माथ्याजवळून सोडून देतात. कपडा खाली आपटतो, साबणाचं पाणी त्याच्यातून आरपार जातं, की तो पुन्हा वर. गोदावरीच्या घाटावर दगडावर धुणं आपटणाऱ्या बाईचे हात जे करत आले, तेच हे काम. म्हणून सात-आठ किलोच्या मशीनचं एक धुणं साधारण 50-60 लिटर पाण्यात होतं. तेवढ्याच कपड्यांना वरून उघडणारं पूर्ण स्वयंचलित मशीन सहज 100 लिटरच्या पुढे जातं.

1937 साली अमेरिकेत बेंडिक्सनं घरगुती वापराचं असं पहिलं स्वयंचलित मशीन आणलं, तेव्हा ते जमिनीला बोल्टनं जखडावं लागे. पिळताना इतकं हादरायचं. आज तो हादरा सोसायला ड्रमला स्प्रिंगा, दांडे आणि वजनदार ठोकळे असतात, म्हणून तर हे मशीन दोन माणसांना सहजी उचलत नाही. आपल्याकडे 1990च्या आसपास, गोव्यात वेर्ण्याला कारखाना असलेल्या आयएफबीनं हा प्रकार रुजवला. मराठवाड्यात मात्र मशीन म्हटलं की बरीच वर्षं आमच्याच औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचं नाव तोंडी यायचं. चितेगावच्या कारखान्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता. पुढून उघडणारं मशीन आमच्या घरांत आलं ते त्यानंतर पुष्कळ उशिरा, तेही ‘याला पाणी कमी लागतं’ या एका वाक्यावर.

ते वाक्य खरं आहे, पण लातूरकराला ते तपासून घ्यावं लागतं. 2016चा उन्हाळा ज्यांनी तिथे काढला, त्यांना पाणी लिटरांत मोजण्याची सवय कायमची लागली. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, धनेगावला जे मांजरा धरण आहे, त्यावर लातूर शहर जगतं. ते कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, 5 लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. 2011च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3,82,940 होती. म्हणजे त्या गाडीतलं पाणी माणशी दीड लिटरसुद्धा भरलं नसतं. पुढे पन्नास वाघिणींची, 25 लाख लिटरची गाडी यायला लागली, तेव्हा थोडा जीव आला.

त्या उन्हाळ्यात माहेरच्या गल्लीतली पुढून उघडणारी मशीन सगळी बंद होती. 50 लिटर पाणी एकदम देण्याची कोणाची ऐपत नव्हती हे तर होतंच. दुसरी अडचण दाबाची. या मशीनला नळातून ठरावीक दाबानं पाणी लागतं. टाकी मशीनच्या नळापेक्षा किमान दहा-एक फूट उंच हवी. पिंपात साठवलेलं पाणी त्याला कोण देणार? काही जणी साबणाच्या कप्प्यातून तांब्या-तांब्यानं ओतून बघायच्या. याउलट ज्यांच्याकडे दोन टाक्यांचं अर्धस्वयंचलित मशीन होतं, त्या बादलीनं पाणी भरत आणि त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढत. ते पाणी शेवटी संडासात. पुढून उघडणारं मशीन आपलं साबणाचं पाणी दर वेळी फेकून देतं; दुसऱ्या धुण्याला ते वापरू देत नाही. म्हणून कोणी मला मशीन कोणतं घेऊ असं विचारलं, की मी आधी विचारते, तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो, आणि टाकी किती उंचावर आहे? ज्या घरी पिंपांवर संसार चालतो, तिथे अर्धस्वयंचलितच शहाणं. हे सांगताना मला दुकानदाराचा राग पत्करावा लागला तरी चालतो.

मशीन बंद ठेवायचं म्हणजे नुसतं बटण बंद करून भागत नाही, हेही तेव्हाच सगळ्यांना कळलं. पंपाच्या तळाशी नेहमी थोडं पाणी उरतं. ते महिना-दोन महिने तसंच राहिलं की कुजतं. खाली कोपऱ्यात जे छोटं झाकण असतं, त्याच्या आतल्या बारीक नळीतून ते परातीत काढून घ्यायचं. दाराभोवतीचं रबर त्याची घडी उलटून कोरडं पुसायचं, आणि दार उघडं ठेवायचं. हे दार उघडं ठेवणं रोजच्या वापरातही तितकंच महत्त्वाचं आहे. धुणं झाल्यावर दार लावून घेतलं की आतली ओल कोंडते, रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि धुतलेल्या कपड्यांनाच कुबट वास यायला लागतो. घरातली मोठी माणसं जाता-येता दार लोटून देतात, उघडं दार त्यांना बघवत नाही. माझ्या सासूबाईंनी कारण एकदा समजून घेतलं आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगू लागल्या, ‘राहू दे गं उघडं, वारं लागू दे त्याला.’

नांदेडची गोष्ट वेगळी आहे. इथे गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, आणि पाण्याची ओढाताण लातूरइतकी नाही. इथला प्रश्न पाणी किती यापेक्षा कसलं, हा. नळाला येतं ते नदीचं. पण नव्या वस्त्यांत, आणि उन्हाळ्यात जुन्याही वस्त्यांत, टाकीत पडतं ते बोअरचं. आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून मुरत जातं आणि जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600पर्यंत चालवून घ्यावा. यंत्राला ही सवलत कळत नाही. आजीच्या काळात पाणी तपासायला प्रयोगशाळा नव्हती, तुरीची डाळ होती. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात धुणंही निघत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून परीट गावच्या आडावर कपडे धुवत नसे, नदीवर जाई. बारा बलुतेदारांतला हा माणूस. सुगीला धान्य घेऊन वर्षभर गावाचं धुणं सांभाळायचा. कुठल्या पाण्यात रंग टिकतो, कुठल्या पाण्यात सोडा जास्त लागतो, हे ज्ञान त्याच्या घराण्यात होतं. त्याची कदर आपण केली नाही. मशीन आल्यावर परीट गेला आणि त्याच्याबरोबर पाण्याची ती ओळखही घराघरातून पुसली गेली. आता ती आपल्याला नव्यानं शिकावी लागते आहे, आणि शिकण्याची फी मशीनच्या सुट्या भागांत भरावी लागते.

जड पाणी तापलं की त्यातले क्षार सुटून घट्ट बसतात. पुढून उघडणाऱ्या बहुतेक मशीनच्या पोटात पाणी तापवणारी कांब असते, तिच्यावर हा पांढरा थर चढतो. थर जाड झाला की कांबेची उष्णता पाण्यात जात नाही, कांबेतच कोंडते, आणि एक दिवस ती जळते. दुरुस्तीला येणाऱ्या एका पोरानं आमच्या समोर अशी कांब बाहेर काढून ओट्यावर ठेवली. बोटाएवढी जाड, चुन्यानं मढवल्यासारखी. म्हणाला, ‘मशीन चांगली आहे ताई. पाण्यानं खाल्लं तिला.’ त्यानं मग जे सांगितलं, ते ऐकून मी वहीत लिहून घेतलं. त्यातलं बरंचसं या लेखात आहे. त्याचं शिक्षण आयटीआयचं. जेवढी घरं तो फिरतो, तेवढ्या बोअरचं पाणी त्याला माहीत आहे. कोणत्या कॉलनीत कांब किती वर्षं टिकते, हे त्याला तोंडपाठ आहे. शहराच्या पाण्याचा इतका बारीक नकाशा दुसऱ्या कोणाजवळ असेल असं मला वाटत नाही.

उपाय साधा आहे. महिना-दीड महिन्यातून एकदा रिकामं मशीन, कपडे न टाकता, जास्तीत जास्त गरम पाण्यावर फिरवायचं, आणि ड्रममध्ये शंभरेक ग्रॅम लिंबूसत्त्व टाकायचं. कंपनीची क्षार काढायची पावडर मिळते तीही चालते. आम्ल क्षारांना विरघळवतं आणि सांडपाण्याबरोबर पांढरे कण बाहेर पडतात. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते. लिंबूसत्त्व किंवा कोणतंही आम्ल ब्लीचबरोबर कधीही टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. ज्यांचं सगळं पाणी बोअरचंच आहे, त्यांनी पाणी मऊ करणारं उपकरण बसवावं. त्यातल्या रेझिनला अधूनमधून मिठाच्या पाण्यानं ताजं करावं लागतं, ते टाळलं तर उपकरण असून नसल्यासारखंच.

आमच्या घरी आणखी एक रीत पडली आहे. नळ आला त्या दिवशी पांढरे कपडे आणि गरम पाण्याचं धुणं. बोअरचं पाणी टाकीत असेल तेव्हा रंगीत, मळखाऊ कपडे, आणि तेही थंड पाण्यात. एका टाकीत दोन पाणी येतात हे ज्या घरात माहीत असतं, तिथली कांब जास्त टिकते.

साबणाचा घोळही पाण्यातूनच निघतो. जड पाण्यात फेस होत नाही, म्हणून हात सैल सुटतो आणि पावडर वाढते. त्यातही हातानं धुवायची, भरपूर फेसाची पावडर टाकली, आणि नेमकं त्या दिवशी टाकीत नळाचं पाणी असलं, तर ड्रम फेसानं भरून जातो. कपडे आपटले तर निघणार. फेसाच्या गादीवर पडल्यावर काय आपटणार? मशीनला फेस जाणवला की ते जास्तीचं पाणी घेऊन खळबळत राहतं, आणि वाचवलेलं पाणी तिथेच जातं. पुढून उघडणाऱ्या मशीनची कमी फेसाची पावडर वेगळी मिळते, तीच वापरावी. पुड्यावर जड पाण्यासाठी वेगळं माप दिलेलं असतं. ते वाचावं, आणि आपलं पाणी खरोखर जड असेल तरच पाळावं.

आता खिशांविषयी. नाणी, पिना, टाचण्या तर सगळीकडेच निघतात. आमच्या लातूरकडे मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, आहे. मोंढ्यातून घरी आलेल्या माणसाच्या खिशात तुरीचे नाही तर सोयाबीनचे नमुन्याचे दाणे असतात. भाव ठरवताना मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, दाताखाली एक फोडून बघायचा, उरलेले खिशात. ते दाणे पाण्यात फुगतात, पंपाच्या पात्यात अडकतात, आणि मशीन पाण्यानं भरलेलं, दार बंद, अशा अवस्थेत थांबतं. घाबरून दार ओढू नये. खालच्या नळीतून पाणी काढावं, पंपाची जाळी फिरवून बाहेर घ्यावी, दाणे वेचावेत, जाळी धुऊन परत बसवावी. माहेरी आता नियम झाला आहे: मोंढ्यातून आलेल्यानं खिसे आपल्या हातानं उलटे करूनच सदरा टाकायचा. दाणे एका वाटीत पडतात, आणि अंगणातल्या चिमण्यांना जातात.

शेतातून आलेले कपडे हा आणखी अवघड विषय. आपली काळी माती फार बारीक कणांची. ओली झाली की फुगते, चिकटते आणि धाग्यांत शिरून बसते. चिखलाचा पायजमा तसाच मशीनमध्ये टाकला तर ती माती ड्रमच्या बाहेरच्या टाकीत साठते आणि क्षारांबरोबर तिचा गिलावा होतो. म्हणून असा कपडा आधी उन्हात कडक वाळू द्यावा, झटकावा, मग बाहेर दगडावर दोन पाणी काढून मशीनला द्यावा. मशीन घेतलं म्हणून अंगणातला धुण्याचा दगड काढून टाकणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. तसंच वाकळीचं. चार लुगड्यांची शिवलेली वाकळ पाणी पिऊन इतकी जड होते की पिळताना ड्रमचा तोल जातो, आणि मागच्या बेअरिंगवर सगळा भार येतो. बेअरिंगआधीचं रबरी सील फाटलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ते गंजतं, आणि मग पिळताना घरघर सुरू होते. ती घरघर ऐकूनही मशीन चालवत राहिलं तर खर्च दुपटीवर जातो. वाकळ दगडावरच धुवावी. ती शिवणाऱ्या हातांनाही ते आवडेल.

इरकली लुगडं मात्र चालतं, पण मोकळं नाही. नऊ वारांचं सुती लुगडं मोकळं टाकलं तर ते बाकीच्या कपड्यांना विळखा घालतं, गाठोडं होतं, तोल बिघडतो आणि मशीन पिळायचं नाकारतं. जाळीच्या पिशवीत, सैल घडी करून टाकलं की नीट निघतं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग जातोच, तेव्हा थंड पाणी आणि वेगळं धुणं. नांदेडच्या उस्मानशाही मिलनं एके काळी या भागाला कापड पुरवलं. आमच्याकडची माणसं आजही अंगावर सूतच पसंत करतात, उन्हाळाच तसा असतो. सूत पाणी भरपूर धरतं, म्हणून ड्रम कोरड्या कपड्यांनी गच्च भरायचा नाही. कपड्यांच्या वर हात आडवा जाईल इतकी जागा हवी, म्हणजे त्यांना पडायला उंची मिळते.

बाकीच्या काळज्या झटक्यात सांगते. पाणी आत येणाऱ्या पाइपच्या टोकाला बारीक जाळी असते; टँकरचं पाणी टाकीत पडलं की ती गाळानं भरते, चिमट्यानं काढून धुवावी. नवीन मशीनच्या पाठीमागचे प्रवासाचे बोल्ट काढल्याशिवाय ते चालू करू नये. चारही पाय जमिनीला सारखे टेकले पाहिजेत. बुडाशी उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून खालून जाळी लावून घ्यावी. वीज गेली तर घाई करू नये. बहुतेक मशीन जिथे थांबली तिथूनच पुढे चालू होतात.

सांडपाण्यावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण लातूरच्या त्या उन्हाळ्यानंतर पाणी गटारात सोडताना हात थबकतो. पुष्कळ घरांत मशीनचा पाइप सरळ बागेत सोडतात. हेतू चांगला असतो. पण धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, आणि आपल्या काळ्या चिकणमातीला सोडियम मानवत नाही. तिचे कण सुटे होतात, वर कडक पापुद्रा धरतो, आणि पाणी खाली मुरेनासं होतं. पाणी मऊ करणारं उपकरण असेल तर सोडियम आणखी वाढतं. म्हणून पाणी वेगळं करावं. साबणाचं पहिलं पाणी पिंपात घ्यावं आणि संडासाला, फरशीला वापरावं. शेवटच्या खळबळीचं पाणी झाडांना चालतं, तेही आलटून-पालटून, एकाच झाडाच्या बुंध्याशी रोज नाही. पिंपात सोडताना पाइपचं तोंड मशीनच्या कमरेइतकं उंच ठेवावं. जमिनीलगत ठेवलं तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. माझ्या वहिनीनं दोन पिंपं आणि एक जोडनळी एवढ्यावर ही व्यवस्था लावली आहे. फेस दिसेनासा झाला की ती नळी एका पिंपातून काढून दुसऱ्यात घालते. तिच्या अंगणातली कढीपत्त्याची आणि डाळिंबाची झाडं टवटवीत आहेत.

ही सगळी कामं धुण्याच्या कामात मोजली जात नाहीत. बटण दाबलं की झालं, असं घरातल्या पुरुषांना वाटतं. जाळी कोण साफ करतं, रबर कोण पुसतं, नळाचं पाणी कुठल्या दिवशी येणार हे कोणाच्या डोक्यात असतं? पूर्वी अंगानं केलेलं काम दिसायचं. हे लक्षात ठेवण्याचं काम दिसत नाही, पण त्याच्याशिवाय मशीन दोन पावसाळे नीट काढणार नाही. आमच्याकडे दर महिन्याचं गरम पाण्याचं रिकामं धुणं आणि जाळी आता मुलाकडे आहे. तो ते आईला मदत म्हणून करत नाही. त्याचंही धुणं त्यात असतं.

भाचीला नोकरी पुण्यात लागली आणि तिनं पहिल्या पगारातून हप्त्यावर पुढून उघडणारंच मशीन घेतलं. फोनवर विचारत होती, ‘मावशी, लिंबूसत्त्व किती टाकू?’ तिच्या इमारतीला महापालिकेचं, खडकवासल्याकडून येणारं पाणी आहे, बोअर नाही. तिला म्हटलं, तिथलं पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ मऊ आहे, दर महिन्याला कशाला टाकतेस, तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. पावडर मात्र आपल्या हिशोबानं टाकू नकोस, निम्म्यापासून सुरुवात कर. आणि उन्हाळ्यात सोसायटीनं टँकर मागवला, तर ड्रायव्हरला विचार, पाणी कुठल्या विहिरीचं आहे.